डिसेंबरची वडी, मेची वडी

झोपताना अंगाला लावायची लोशनची वडी नागपुरात दोन तऱ्हेची करावी लागते. अशा वड्यांत नेहमी पडणारं शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल, ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि मेमध्ये इथला पारा ४५च्या वर जातो. मग थंड देशातली पाककृती जशीच्या तशी केली की डबीत वडी नाही, तेलच उरतं.

म्हणून भर कोकम बटरवर, म्हणजे कोकमच्या बियांपासून निघणाऱ्या, कोकणातल्या मुठेलावर. ते ४० अंशांपर्यंत तग धरतं. पुढचं काम मेणाचं. मधमाशीचं नको असेल तर कँडेलिला घ्या. हे मेक्सिकोतल्या झुडपाचं मेण ७० अंशांच्या आसपास वितळतं. मात्र ते फार कडक, म्हणून मधमाशीच्या मेणाच्या निम्मंच पुरतं. मधमाशीच्या मेणाइतकंच घातलं तर वडी कातडीवर नुसती ओढली जाते.

१०० ग्रॅमला हिवाळ्यात मधमाशीचं मेण १०, कोकम बटर ४०, तिळाचं तेल ५० ग्रॅम. उन्हाळ्यात मेण १८, बटर ४७, तेल ३५. वजन काट्यावरच करा, चमच्याने नाही.

उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून आधी मेण आणि तेल एकजीव करा, मग बटर. वाफेचा थेंब आत जाऊ देऊ नका. या वडीत पाणी नसतं म्हणूनच तिला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. आच बंद केल्यावर, कडेला साय धरायच्या आत, अर्धा ग्रॅम व्हिटॅमिन ई घाला. त्याने तेल खवट व्हायला वेळ लागतो. साच्यात ओतून लगेच फ्रीजमध्ये. ओट्यावर हळूहळू निवू दिलं तर बटरचे मोठे स्फटिक बनतात आणि वडी रव्यासारखी लागते. तशी झालीच तर टाकू नका, पूर्ण वितळवून पुन्हा झटपट गार करा. संत्र्याची ताजी सालं तेलात मुरवायचा मोह इथे होतोच. त्यातलं पाणी तेल नासवतं. सालं कडकडीत वाळलेलीच हवीत.

वडी ओलावा देत नाही, असलेला अडवते. त्यामुळे कोमट पाण्याने अंघोळ करून, अंग टिपून, कातडी दमट असतानाच लावा. वडी मात्र कोरड्या तळहातांत घासायची, नाहीतर तिच्यावर बुरशी येते. नडगी, कोपर, टाचा पुरे; टाचांवर वर सुती मोजे. कूलरच्या दमट हवेत घामोळं आलं असेल तर पाठ-मान सोडून द्या. चादरीवर डाग नको असतील तर दहा मिनिटं थांबून आडवे व्हा. तेलकट तळव्यांनी बाथरूमच्या फरशीवर तर जाऊच नका.