तुम्ही विचारलंत म्हणून: झाड आणि हात यांच्यामध्ये वस्तू कशाला?

"झाडाला हातच लावायचा आहे ना, मग सरळ लावावा. मध्ये ही लोकर, मेण आणि कागदाचा लगदा कशाला?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या सुरांत विचारला गेला आहे की, समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच तो मला ऐकू येतो. माणसांनी झाडांना, रोपांना स्पर्श करावा म्हणून मी या साहित्याच्या वस्तू बनवते आणि प्रदर्शनांत मांडते, त्यावरून हा प्रश्न येतो. काही जण खरोखर जाणून घ्यायला विचारतात, तर काही शेजारच्याला हसवायला. आजवर मी दोघांनाही दोन वाक्यांत वाटेला लावत आले. त्या दोन वाक्यांनी कोणाचेच समाधान झालेले नाही, माझेही नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

उघडा हात तुम्ही समजता तितका निरागस नसतो, इथून मला सुरुवात करावी लागेल. माणूस झाडाजवळ जातो तेव्हा काय करतो ते एकदा नीट पाहा. तळवा खोडावर टेकवतो, दोनदा थोपटतो, सालीचा सुटू पाहणारा तुकडा नखाने उचकटतो आणि पाठ फिरवतो. बोटे तपासणीच्या कामाला जुंपलेली असतात आणि त्या कामात ती फार तरबेज असतात. बोटाच्या टोकावर सुमारे २ मिलिमीटर अंतराने टेकवलेली दोन टोके वेगवेगळी जाणवतात. पाठीवर त्यासाठी ४ सेंटिमीटरच्या आसपास अंतर लागते. वस्तू हातावर नुसती दाबून धरली तर तिचा आकार ओळखताना माणूस गोंधळतो आणि स्वतः बोटे फिरवली की तोच आकार सहज ओळखतो, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ओळखायचे असेल तर बोटांना तोड नाही. पण ओळखून झाले की बोटांचे कामही संपते, आणि झाडाशी असलेला आपला बहुतेक सगळा स्पर्श तिथेच संपतो, अशी माझी तक्रार आहे.

माझा पहिला टिकलेला प्रोटोटाइप बोटांना या कामातून सुट्टी देण्यासाठी होता. खोडाच्या सालीवर ओला लगदा थापायचा, तो तिथेच वाळू द्यायचा आणि त्या ठशाची पाठ कोरून तिच्यात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मावेल अशी पन्हळ करायची. पन्हळीच्या तळाला एक लांबट खिडकी असते, तिथे त्वचा खऱ्या सालीला लागते. मूठ मात्र नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, पिशवीत बंद राहते. पन्हळीच्या कडांना मेण लावलेले असते. मेण थोडे धरून ठेवते, त्यामुळे हात भराभर सरकवता येत नाही. हा मंदपणा मुद्दाम आणलेला आहे. केस असलेल्या त्वचेत काही संथ मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने काही हळुवार फिरले की ते सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला आकाराची बातमी देण्याऐवजी सुखावह वाटण्याची देतात. साल मऊ नसते, हे मला कोणी सांगायला नको. म्हणूनच गुळगुळीत खोडे निवडावी लागतात आणि तरीही काहींच्या हाताला ओरखडे येतात.

दुसरा नमुना शेवाळासाठी होता. शेवाळ ओले लागते असे आपण म्हणतो, पण माणसाच्या त्वचेत ओलावा ओळखणारी स्वतंत्र यंत्रणाच नाही; गारवा, दाब आणि घसरण यांवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. मी मेण पाजलेल्या पातळ कापडाचा हातमोजा शिवला. त्यातून गारवा येतो, पाणी येत नाही. लोक शेवाळावर हात ठेवतात, काढतात, मोजा उतरवतात आणि पूर्णपणे कोरडा असलेला हात कपड्यांना पुसतात. पुसून झाल्यावर हाताकडे पाहतात. उघड्या हाताला गारवा आणि पाणी एकदमच भेटतात, तिथे असे थबकायला जागा नसते. मध्ये वस्तू कशाला, याचे माझ्याकडे असलेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे.

(सेन्सर आणि मोटारी का वापरत नाही, असेही विचारतात. मेणाचा थर किती जाड हवा हे मला थर देताना कळते, आकडे वाचून कळत नाही. याहून मोठे तत्त्वज्ञान त्यामागे नाही.)

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पण ज्या प्रसंगामुळे मला हे लिहावेसे वाटले, तो टोमॅटोच्या रोपांचा.

एका प्रदर्शनासाठी मी भिंतीलगत एक रुंद, उथळ ट्रे ठेवला होता आणि त्यात दाटीवाटीने टोमॅटोची रोपे लावली होती. पुढच्या बाजूला नमद्याची एक बाही होती. तीत हात घातला की मनगटाची वरची बाजू रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरत असे. प्रदर्शन काही आठवडे चालले आणि ट्रेजवळ सतत कोणी ना कोणी असे. शेवटच्या दिवसांत रोपांचा पृष्ठभाग स्पष्ट उतरता झाला होता: भिंतीकडची रोपे उंच आणि सडपातळ, तर पुढची बुटकी आणि जाड देठांची. पाहणाऱ्यांना तो उतार रचनेचाच भाग वाटला. काहींनी त्याची स्तुती केली आणि मी ती ऐकून घेतली.

समारोपाच्या चर्चेत वनस्पतींच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी विचारले, "हा उतार तुम्ही कापून केलात का?" मी नाही म्हणाले. "मग तो तुमच्या प्रेक्षकांच्या हाताच्या लांबीचा आलेख आहे," ते म्हणाले. वारंवार स्पर्श झालेली रोपे उंची सोडून जाडी धरतात. मार्क जॅफी यांनी १९७३ मध्ये या बदलाला शास्त्रीय नाव दिले, आणि रोपवाटिकांमध्ये रोपे लांबुडकी होऊ नयेत म्हणून ती मुद्दाम घासलीही जातात, हे त्या गृहस्थांनी शांतपणे, मला शिकवण्याचा आव न आणता सांगितले. "तुमच्या माणसांना जे लाड वाटले, ते या रोपांनी वारा म्हणून सोसले." सभागृहात हशा पिकला. कडेच्या रोपांना उजेड जास्त मिळतो आणि उजेडात रोपे तशीही बुटकी राहतात, असे मी उत्तर दिले. ते खोटे नव्हते. त्यांनी छताकडे बोट दाखवले. दिवे सगळ्या ट्रेवर सारखे होते.

हशा मी विसरले असते. विसरता येत नाहीत त्या एक वयस्क बाई. त्या जवळजवळ रोज यायच्या, बाहीत हात घालून डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहायच्या आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून जायच्या. त्या दिवशी त्या पहिल्या रांगेत होत्या. चर्चा संपल्यावर ट्रेपाशी गेल्या, पण या वेळी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतंत." मला आधी माहीत असते तर मी सांगितले असते का, हे मी त्यांना सांगू शकले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते.

नंतर मी वाचत सुटले. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस १९९० च्या सुमारास अरबिडॉप्सिस या लहानशा रोपावर संप्रेरके फवारून कोणती जनुके जागी होतात ते पाहत होते. तुलनेसाठी नुसते पाणी फवारलेल्या रोपांतही तीच जनुके अर्ध्या तासाच्या आत जागी झाली. रोपांनी दखल घेतली होती ती फवाऱ्याच्या स्पर्शाची. स्पर्शाला उत्तर देणारी वनस्पती म्हणून आपण लाजाळूचे कौतुक करतो. बाकीच्याही उत्तर देतात, फक्त ते पाहायला आपण तेवढा वेळ थांबत नाही.

याचा अर्थ मी रोपांना इजा केली का? जाड देठाचे रोप वाऱ्यात बरे टिकते, म्हणून इजा म्हणणे मला अजूनही जड जाते. पण वारंवारच्या स्पर्शाने अरबिडॉप्सिसला फुले उशिरा येतात, तेव्हा काहीच झाले नाही असेही म्हणता येत नाही. सुरुवातीच्या काळातली मी फलकांवर लिहीत असे की, ज्याला आपण स्पर्श करतो त्याची आपण काळजी घेऊ लागतो. ते वाक्य मी आता काढून टाकले आहे, कारण रोज येणाऱ्या त्या बाईंनी काळजी वाटल्याबरोबर हात काढून घेतला होता. त्यावर ती जुनी मी मला विचारते की, मग ट्रे अजून का मांडतेस? हात न लावणारा माणूसही मुळांवरची माती तुडवतच चालतो, असे मी तिला सांगते. तिला ही पळवाट वाटते, आणि काही दिवशी मलाही वाटते.

ट्रे मी अजून मांडते. हात लावल्याने ही रोपे बुटकी राहतील, असे आता फलकावर स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचून काही जण हात मागे घेतात, काही बाहीत घालतात. कोणाचे बरोबर, हे मी सांगत नाही. सध्या एका नव्या बाहीवर काम चालू आहे. तिच्यात एका माणसाला एकदाच हात फिरवता येईल आणि नंतर ती रोपांपासून वर उचलली जाईल. लगद्याची बिजागरी रोपांच्या ओलाव्याने दोनचार दिवसांत भुसभुशीत होते, त्यामुळे बाही मध्येच खाली बसते. मेणाचा आणखी एक थर देऊन पाहायचा आहे.