२८९ मीटर सरकलेलं चर्च

रोमानियाच्या राजधानीला, बुखारेस्टला जायचं ठरलं तेव्हा आमच्या यादीत पहिलं नाव संसद भवनाचं होतं. परत येऊन तीन महिने झाले, पण मनात घर करून बसलंय ते सापिएंत्सेई नावाच्या गल्लीतलं, उंच इमारतींच्या मागे दडलेलं एक विटांचं चर्च.

आम्ही दोघी मैत्रिणींनी दिवसभरासाठी गाईड घेतली होती. बाई साठीच्या घरातल्या, पांढरे केस आखूड कापलेले, चालण्यात आमच्या दोघींच्याही पुढे. सकाळी साडेनऊला त्या क्रांती चौकात भेटल्या. एका बाजूला जुना राजवाडा, तिथे आता राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे. त्याच्यासमोर विद्यापीठाचं ग्रंथालय. आणि थोडं पुढे तेव्हाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीची करडी, सपाट इमारत. तिच्या दर्शनी भागाला एक लहानसा सज्जा आहे. सगळे पर्यटक तो सज्जा बघायलाच येतात.

२१ डिसेंबर १९८९ रोजी रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू याच सज्ज्यात भाषणाला उभा राहिला. तिमिशोआरा शहरात काही दिवसांपासून लोक रस्त्यावर होते, त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. राजधानी आपल्याच पाठीशी आहे हे दाखवायला कारखान्यांतून माणसं आणून चौक भरला होता. भाषण सुरू असतानाच गर्दीतून आरडाओरडा सुरू झाला तो थांबेना, आणि टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण तोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी याच इमारतीच्या गच्चीवरून नवरा-बायको हेलिकॉप्टरने पळाले. २५ तारखेला, ऐन नाताळात, तर्गोविश्ते इथल्या लष्करी तळावर दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या धुमश्चक्रीत समोरच्या ग्रंथालयाला आग लागून जवळपास ५ लाख पुस्तकं गेली. देशभरात हजाराहून जास्त माणसं गेली.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" मी विचारलं.

"घरात. आई दारात आडवी उभी होती, आम्हा भावंडांना बाहेर पडू देईना."

तिथून युनिरी चौकापर्यंत चालत आलो. वाटेत बाई ऐंशीच्या दशकाबद्दल सांगत होत्या. परदेशी कर्ज फेडायचं म्हणून देशातलं धान्य, मांस, तेल बाहेर विकायचं आणि घरात साखर, तेल, पाव मापून मिळायचा. हिवाळ्यात खोल्या पुरेशा गरम होत नसत, कोट घालून झोपायचं. टीव्ही दिवसाला दोन तास, त्यातही मुख्यतः चाउशेस्कूचीच भाषणं. मांसाच्या दुकानात बहुतेक वेळा डुकराचे पायच उरलेले असत, त्यांना लोक अडिडास म्हणायचे. कर्ज १९८९ मध्ये खरोखरच फिटलं. त्याच वर्षाअखेर सत्ता गेली.

चौकातून पश्चिमेकडे बघितलं की रुंद रस्त्याच्या टोकाला ते संसद भवन. खरं सांगायचं तर छातीत धस्स झालं. एवढी मोठी वास्तू मी आधी कधी पाहिली नव्हती. ८४ मीटर उंच, ३,६५,००० चौरस मीटर क्षेत्रफळ, आणि जमिनीखाली आणखी मजले. १९७१ साली चाउशेस्कू उत्तर कोरियाला जाऊन आला आणि प्याँगयांगचे रस्ते त्याच्या डोक्यात बसले. १९७७ च्या ४ मार्चला मोठा भूकंप झाला, तेव्हा शहर नव्याने उभारायचं निमित्तही मिळालं. १९८४ मध्ये पाया घातला गेला. मुख्य वास्तुविशारद होत्या आन्का पेत्रेस्कू, तेव्हा तिशीतल्या. पाळ्या लावून रात्रंदिवस काम चालायचं.

आत जायला पासपोर्ट दाखवावा लागतो आणि तिथलाच गाईड असतो. आमच्या बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. "मी आत जात नाही," एवढंच म्हणाल्या. आत झुंबरं, गालिचे, संगमरवर, एकामागून एक दालनं. एका जिन्यापाशी तिथला गाईड सांगत होता की चाउशेस्कूच्या पावलाला पायऱ्या बेताच्या होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा तोडून बांधला. तासाभराने बाहेर आलो तेव्हा त्या सगळ्या दालनांतलं एकही मला नीट आठवेना.

बाई तशाच बसून होत्या. मग त्यांनी समोरच्या हिरवळीकडे बोट केलं. "आमचं घर त्या तिथे होतं."

या टेकडीवर उरानुस नावाची वस्ती होती. अंगणं, द्राक्षांचे मांडव, दगडी उतरत्या गल्ल्या. या प्रकल्पासाठी सुमारे ४० हजार माणसं उठवली. बाईंच्या घरी नोटीस आली तेव्हा त्या शाळेत होत्या. नवीन जागा सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांची. घरचा कुत्रा तिथे नेता येणार नव्हता. असे हजारो कुत्रे मोडक्या घरांपाशी राहिले, आणि बुखारेस्टचे भटके कुत्रे ही पुढची कितीतरी वर्षं शहराची मोठी समस्या होती. आपला कुत्रा आठवडाभर त्याच दाराशी बसून होता, हे त्यांना नंतर शेजाऱ्याकडून कळलं. हे सांगताना त्यांनी चष्मा पुसला.

चर्चही पाडत होते. पण एउजेनियु योर्डाकेस्कू नावाच्या अभियंत्याने एक तोड काढली. खालून खणत जायचं, भिंतींखाली काँक्रीटचा भक्कम तबकासारखा पाट ओतायचा, जुन्या पायापासून चर्च कापून मोकळं करायचं, खाली रूळ टाकायचे आणि जॅक लावून इंच इंच पुढे सरकवायचं. भरलेल्या पेल्यांचा ट्रे तोलत नेणारा वेटर बघून ही कल्पना सुचली, असं तो सांगायचा. १९८२ मध्ये स्कीतुल मायचिलोर हे चर्च २४५ मीटर सरकवलं. १९८५ मध्ये मिहाई वोदा मठाची पाळी आली. मठ पाडला, पण चर्च आणि घंटेचा मनोरा टेकडीवरून खाली २८९ मीटर नेला. पुढे अल्बा यूलिया शहरात तर राहती इमारत मधून कापून दोन्ही भाग सरकवले!

हे मिहाई वोदाच सापिएंत्सेई गल्लीत आहे. बाहेरून पत्ता लागत नाही. इमारतींच्या मधल्या बोळातून आत गेलो आणि एकदम ते समोर आलं. भाजलेल्या विटांचे थर, वर बारीक कमानी, आजूबाजूला बाल्कन्यांत वाळत टाकलेले कपडे. मी भिंतीला हात लावला. कुठे सांधा, कुठे तडा दिसतोय का ते शोधत होते. मला तरी दिसला नाही.

माझ्या आईचं गाव भीमेच्या काठी. उजनीचं पाणी चढलं तेव्हा माणसं वर आली आणि पळसनाथाचं देऊळ खाली पाण्यात राहिलं. इथे देऊळ वाचलं आणि त्याची माणसं शहरभर सातव्या, आठव्या मजल्यांवर पांगली. "रविवारी अजून काही जुने लोक येतात," बाई म्हणाल्या. "दोन बस बदलून."

दाराबाहेर मेणबत्त्या लावायला पत्र्याची पेटी होती, तिचे दोन भाग. एकावर लिहिलेलं जिवंतांसाठी, दुसऱ्यावर गेलेल्यांसाठी. बाईंनी पिवळ्या, काडीसारख्या दोन मेणबत्त्या घेतल्या. एक आईसाठी लावली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

मी ती आजीसाठी लावली. उन्हाळ्यात पाणी ओसरून शिखर दिसायला लागलं, की आजी एसटीने जाऊन काठावरून हात जोडून यायची. वारा सुटला होता. ज्योत धरेपर्यंत बाईंनी दोन्ही हातांचा आडोसा केला.