हळूच मान वळवणारा सांगाडा: हॅलोविनची घरगुती करामत

३१ ऑक्टोबरला दाराशी काय बसवायचं याचा विचार करताना एक गोष्ट आधीच पक्की केली होती: किंचाळणारं, गदागदा हलणारं काही नको. तसल्या पुतळ्याला माणूस एकदा दचकतो आणि मग त्याच्यासोबत फोटो काढतो. मला हवा होता खुर्चीत निवांत बसलेला सांगाडा. कोणी जवळ आलं की त्याने सावकाश मान वळवून बघायचं, बस. जबडा उघडणं ही नंतर सुचलेली भर.

सांगाडा प्लॅस्टिकचा, तयार घेतला. कवटी पोकळ असते, त्यामुळे जबड्याची ९ ग्रॅमची छोटी सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी मोटर, आतच बसली. जबड्याच्या बिजागरीला सायकलचा स्पोक कापून घातला आणि बारीक तारेने तो मोटरला जोडला. मानेसाठी एमजी९९६आर ही धातूच्या गिअरची सर्वो घेतली. मोटर दणकट असली तरी डोक्याचं वजन थेट तिच्या दांड्यावर टाकायचं नाही. मणक्याच्या जागी पीव्हीसी पाइप, त्याच्या तोंडावर बेअरिंग आणि बेअरिंगवर कवटी, अशी रचना केली. वजन पाइप पेलतो, मोटर फक्त फिरवते. असं केलं नाही तर मान हलताना लटपटते आणि सगळा धाकच जातो.

वायरिंगमध्ये एकच नियम महत्त्वाचा. सर्वोला वीज आर्डुइनोतून, म्हणजे ज्या छोट्या बोर्डावर प्रोग्रॅम चालतो त्यातून, द्यायची नाही. बोर्डाची पिन जेमतेम ४० मिलिअँपिअर सोसते आणि ही मोटर अडकली तर अडीच अँपिअरपर्यंत ओढू शकते. म्हणून मोटरांना ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा दिला. बोर्डाकडून फक्त सिग्नलची वायर घेतली आणि दोन्हीकडचं ग्राउंड (ऋण बाजूची वायर) एकत्र जोडलं. ते जोडलं नाही तर मोटर वेड्यासारखी थरथरते.

माणूस आल्याचं कळायला पीआयआर सेन्सर लावला. अंगाच्या उष्णतेचा अवरक्त प्रकाश समोरून सरकला की तो आउटपुट देतो. वीज दिल्यावर त्याला स्थिर व्हायला मिनिटभर लागतं, तोवर तो काहीही बरळतो. शिवाय त्याची नजर फारच रुंद, शंभर अंशांहून जास्त. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघणारा सांगाडा केविलवाणा वाटतो. सेन्सरवर काळ्या पुठ्ठ्याची नळी चढवली आणि नजर फक्त पायरीपुरती ठेवली.

खरी गंमत प्रोग्रॅममध्ये आहे, आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच उरकतात. सर्वोला थेट कोन सांगितला तर ती ६० अंश पाव सेकंदाच्या आत फिरते. सांगाडा कसला, खेळण्यातला रोबो! म्हणून एकेक अंश, मध्ये साधारण ४० मिलिसेकंद थांबत, आणि सुरुवातीला नि शेवटाला अजून सावकाश. अडीच-तीन सेकंदांत मान वळते. पाहुण्याला आधी वाटतं, भास झाला. मान थांबली की दोन सेकंद काहीच होत नाही. तो माणूस टक लावून बघत असतो, तेव्हा जबडा किंचित खाली येतो. जास्तीत जास्त १५ अंश. पूर्ण तोंड वासलं की विनोद होतो. हा थांबण्याचा वेळही दर वेळी रँडमने थोडा बदलतो, नाहीतर दुसऱ्यांदा येणारे लगेच ओळखतात. काम झाल्यावर सर्वोचा सिग्नल बंद केला, म्हणजे तिची गुणगुणही थांबते.

वळताना होणारी किरकिर मात्र गेली नाही. छोट्या एमपी३ मॉड्यूलवर जुन्या लाकडी दाराचा करकर आवाज घातला आणि तो मान वळण्याबरोबरच सुरू केला. मोटरचा आवाज त्यात मुरून गेला. डोळ्यांत लाल एलईडी लावायला बऱ्याच जणांनी सुचवलं, पण मी लावले नाहीत. खोबण्या आतून मॅट काळ्या रंगवल्या आणि खाली एका बाजूला मंद पिवळा दिवा ठेवला. त्या काळोखात डोळे असल्याचा भास ज्याचा तो करून घेतो.

पाठीमागे एक साधा स्विच आहे. चिल्लीपिल्ली येताना दिसली की तो दाबायचा: जबडा बंद राहतो आणि सांगाडा फक्त मान वळवून बघतो. बारकी पोरं तेवढ्यावर त्याला हात हलवून टाटा करतात. मोठ्यांसाठी जबडा चालूच ठेवतो.