तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी चित्रं, तीही ओहायोत?

"जपानची कलाच शिकायची होती तर जपानला जायचं, अमेरिकेत कशाला?" लग्नात, ट्रेनमध्ये, बाबांच्या प्रेसच्या काउंटरवर, सगळीकडे हे विचारून झालंय. त्यामागून येणारं "पुढे काय?" तूर्त बाजूला ठेवते.

ओहायोतलं ओबर्लिन कॉलेजच का, हे सांगणं सोपं आहे. १८८९ साली तिथून पदवी घेतलेल्या मेरी एन्सवर्थ १९०६ मध्ये जपानला गेल्या आणि लाकडी ठशांनी छापलेली चित्रं जमवू लागल्या. १९५० मध्ये त्यांच्या मृत्युपत्रानुसार दीड हजारांहून जास्त चित्रं कॉलेजच्या संग्रहालयाकडे आली. विद्यार्थ्यांना ती काचेशिवाय, टेबलावर ठेवून बघता येतात. मी गेले होते अर्थशास्त्रासाठी. पण लिबरल आर्ट्समध्ये मुख्य विषय दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवायचा नसतो, आणि तेवढ्यात हिरोशिगे या जपानी चित्रकाराची अशी छापील चित्रं समोर आली.

पूर्वी मी अजिंठा पुढे करायचे. जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशी होते, अराई काम्पो हा जपानी चित्रकार शंभरेक वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून गेला, वगैरे. ऐकणारे खूश व्हायचे. त्यातलं काही खोटं नाही. पण जपान आवडायला अजिंठ्याची शिफारस का लागावी? केमिकल इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला कुणी असं विचारत नाही.

खरं कारण बाबांना फोनवर सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं असं आजही कधी कधी वाटतं. आमचा नाशिकला छोटा ऑफसेट प्रेस आहे. निम्मं काम लग्नपत्रिकांचं होतं, ते व्हॉट्सॲपवर गेलं. विषय बदलतेय म्हटल्यावर बाबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे डिग्रीवर हेच येणार?" मी हो म्हणाले, आणि उत्साहात सांगत सुटले. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, चेरीच्या लाकडात कोरलेला. कागद नेमका बसावा म्हणून ठशावरच कोपऱ्यात आणि कडेला खाचा. आकाशाचा निळा वरून खाली फिका होत जातो, तो छापणारा दर वेळी ओल्या ठशावर हातानं रंग पुसून आणतो. नंतरच्या प्रतींमध्ये मेहनत वाचवायला तो उतार गाळलेलाही दिसतो. बाबा, रजिस्टर जुळवायला, म्हणजे रंगावर रंग नेमका बसवायला, तुम्ही जे करता तेच हे!

पलीकडे मशीन चालू होतं. ते बंद झालं.

"तू प्रेसमधून बाहेर पडावीस म्हणून कर्ज काढलं," बाबा म्हणाले. "आणि तू तिकडे जाऊन छपाईच शिकतेस? तीही मेलेली?"

मी म्हणाले, तुमच्या पत्रिका तरी आता कोण छापून घेतं?

मग फोन आईने घेतला.

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. कर्जाला जामीन ते आहेत. पण मेलेली म्हणाले ते मान्य नाही, कारण क्योतो-तोक्योत आजही कोरणारे आणि छापणारे आहेत. आणि समजा एकही उरला नसता, तरी मी हेच शिकले असते. इथे माझा युक्तिवाद कच्चा पडतो, मला कळतं.

सुट्टीत लॅपटॉपवर एक चित्र मोठं करून दाखवलं. बाबांनी चष्मा लावला आणि पहिलं वाक्य काय, "निळा सरकलाय." खरंच केसभर सरकला होता, वर्गात कुणीच ते बोललं नव्हतं. मग विचारलं, "मुद्रक कोण?" आपल्याकडे १८६७ च्या कायद्यानुसार २०२४ पर्यंत पुस्तकावर मुद्रकाचं नाव घालावं लागायचं. या चित्रांवर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाची खूण असते, परवानगीचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचं नाव क्वचित, छापणाऱ्याचं त्याहून क्वचित. मला अभ्यास त्याच माणसाचा करायचाय. तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं. आणि हप्ते?"

तर, पुढे काय. कागदावरच्या चित्रांचं जतन-दुरुस्ती शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांना अर्ज करतेय. जागा फार थोड्या असतात, त्याआधी रसायनशास्त्राचे पेपर द्यावे लागतात, ते आता देतेय. प्रवेश मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर हप्त्यांसाठी अर्थशास्त्राच्या जोरावर जी नोकरी मिळेल ती करीन, आणि तेव्हा तुम्ही "मग ते जपानी कशाला केलंस?" असं विचाराल. विचारा. माझं उत्तर तेव्हाही याहून लहान नसेल.