देवमाशाचं कोपर

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी ही गर्दी! बहुतेक आईबाप पोरांना थेट डायनासोरकडे पळवतात. तिथला हलता, गुरगुरणारा टी-रेक्स बघून पोरं किंचाळतात, मग आईस्क्रीम, की झालं म्युझियम. माझं मत विचाराल तर त्या गुरगुरण्यात शिकण्यासारखं फार काही नाही.

मधल्या हॉलमध्ये छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. मादी आहे, 25 मीटर लांब. 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकली होती. लेकीच्या बाईंनी वर्गाला बजावलं होतं, की माहितीफलक उतरवायचे नाहीत, एकच वस्तू निवडायची आणि तिचं चित्र काढायचं. लेक वही घेऊन फरशीवरच बसली. पोहायचा पर काढता काढता थबकली. "आई, हिला कोपर आहे!"

खरंच होतं. वर एक हाड, खाली दोन, मग मनगट आणि पुढे बोटं. तिनं स्वतःचा हात वर धरून जुळवून पाहिलं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे, हे मी आधी सांगितलं असतं तर "हं" म्हणून मोकळी झाली असती. आता तिनंच विचारलं, "मग मागचे पाय गेले कुठे?" कमरेची दोन छोटी हाडं तेवढी उरतात, कण्याला न जोडलेली, मांसात रुतलेली. पुढचे काही दिवस घरात हाच विषय.

सुट्टीत बडोद्याला आलो तेव्हा आजोबा म्हणाले, "लंडनचं कौतुक पुरे, आता आमचा बघ." कमाटी बागेतलं म्युझियम सयाजीराव महाराजांच्या काळातलं, 1894 चं. तिथला निळा देवमासा 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे 70 फुटांचा. आम्ही शाळेतून जायचो ते ममी बघायला, देवमासा वाटेत लागायचा. (ममीची भीती दाखवणाऱ्या मोठ्या मुली हा वेगळा लेख होईल.)

लेक जबड्यापाशी अडली. "आजोबा, एकही दात नाही!"

"माझ्यासारखंच की," म्हणून आजोबांनी कवळी हलवून दाखवली. मग एवढं धूड खातं काय? कोळंबीसारखे चिमुकले जीव, रोज टनांनी. तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याच्या. पाणी बाहेर जातं, खाणं आत अडकतं. आजोबा आपली नखं निरखत राहिले.

बडोदेकरांनो, मुलांना न्याल तेव्हा सगळी दालनं पालथी घालू नका. एक वही, एक पेन्सिल, एक वस्तू. वेफर्स नंतर.

आता तिला बालासिनोरजवळचं रैयोली बघायचंय. डायनासोरची अंडी दगड होऊन पडलीत तिथे, आणि 2003 मध्ये ज्याचं नाव राजासॉरस ठेवलं त्याची हाडंही त्याच भागातली. आजोबांनी गाडी सांगितलीय, पण एका अटीवर: सकाळी सहाला निघायचं.