पाय सुटला पाहिजे : आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून गेले चार हिवाळे एक जॉब निघतो, ज्याचं गिऱ्हाईक नागपूरपासून हजार किलोमीटरच्या आत कुठेच नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीला, म्हणजे स्नोमोबिलला, पाय ठेवायच्या जागी दोन्ही बाजूंना एकेक खोबण असते. त्या खोबणीचं अस्तर आणि तिच्या आत बसणारा ठोकळा आम्ही बनवतो. हा जॉब आमच्याकडे कसा आला ते नीट सांगावंसं वाटतं, कारण त्याच्या मुळाशी माझ्या मित्राची मोडलेली नडगी आहे.

शेड बाबांची. ते आधी इतवारीच्या लोहा ओळीत पत्रा कापायच्या कामाला होते. मी सातवीत असताना त्यांनी हिंगण्यात गाळा भाड्याने घेतला. तेव्हा हाताने चालवायची शिअरिंग मशीन आणि एक वेल्डिंग सेट एवढंच भांडवल होतं. ट्रॅक्टरची पायदानं, मडगार्ड, ट्रॉलीचे फाळके ही कामं वर्षानुवर्षं चालली. पुढे मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली कोराडी-खापरखेड्याकडच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या च्यूटांना, म्हणजे कोळसा घसरत खाली नेणाऱ्या लोखंडी पन्हाळ्यांना, लायनर म्हणजे अस्तर लावायचं कामही मिळू लागलं.

या दोन कामांनी आम्हाला जे शिकवलं, त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. आपली काळी माती पावसात पायदानावर थापली की सिमेंटसारखी बसते. बाबा म्हणून पायदानाला मोठी भोकं पाडत, म्हणजे बुटाखालची माती दाबली जाऊन खाली पडते. क्लचच्या पेडलखाली किती जागा ठेवायची, हे ते पट्टीने मोजत नसत. फर्म्याशेजारी स्वतःची चप्पल ठेवून बघत. आत गेलेली चप्पल न वाकवता मागे आली पाहिजे, नाही तर पायदान पुन्हा कापायचं. कोळशाचंही तसंच. ओला कोळसा लोखंडी च्यूटला धरून बसतो, आणि म्हणून आत यूएचएमडब्ल्यू नावाच्या प्लास्टिकची जाड शीट लावतात. हात फिरवला तर मेणासारखी लागते, तिच्यावर काही टिकत नाही.

माझा आयटीआयमधला मित्र सैन्याच्या वर्कशॉपमध्ये होता. निवृत्तीनंतर तो हिवाळ्यात गुलमर्गला जाऊ लागला, तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबिलची दुरुस्ती करायला. एका मार्चमध्ये तो परत आला तो गुडघ्यापासून पावलापर्यंत प्लास्टर घालून. दुरुस्त केलेली गाडी उतारावर तपासताना आडवी झाली होती. शेडमध्ये खुर्चीवर बसून, दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून त्याने मला सांगितलं, "गाडी उलटली, मी बाहेर आलो बे, पाय नाही आला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मग त्याने गाडीची रचना समजावली. सीटच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायची लांब पट्टी असते आणि पुढे ती इंजिनच्या झाकणाखाली शिरते, तीच ती खोबण. तिथे चवडा अडकवायला एक कडी किंवा पट्टी असते. उतारावर गाडी एका अंगाला झुकवताना चालकाला त्या कडीचा आधार लागतो, म्हणून ती काढून टाकता येत नाही. अडचण बर्फामुळे होते. बुटाबरोबर आत गेलेला बर्फ दाबला जातो, इंजिनच्या उष्णतेने थोडा वितळतो आणि गाडी थांबली की पुन्हा गोठतो. असं दोन-चार वेळा झालं की बुटाभोवती त्याच्याच मापाचा साचा तयार होतो. अडीचशे किलोच्या आसपासची गाडी कलंडते, अंग बाजूला फेकलं जातं, बूट मात्र साच्यात राहतो. मग घोटा, नडगी किंवा गुडघा, जे आधी हार मानेल ते.

घोड्यावर बसणाऱ्यांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे. रिकिबीत पाऊल पूर्ण आत गेलं आणि माणूस पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. म्हणून फक्त चवडा आत ठेवायला शिकवतात. स्कीच्या खेळातही ह्याल्मार व्हाम या स्कीपटूने १९३७ साली स्वतःचा पाय मोडल्यावर, पडताना बूट सोडून देणारी पकड बनवली. स्नोमोबिलच्या खोबणीलाही हाच नियम लावायला हवा, असं मला तेव्हाच वाटलं. पकड किती घट्ट आहे याआधी ती सुटते कशी ते पाहायचं.

मित्राने भंगारात गेलेल्या एका गाडीची पायपट्टी ट्रान्सपोर्टने पाठवली. टेबलावर ठेवून आम्ही आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढला. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. नागपुरात ती थंडी आणायची कुठून? ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याच्या कोल्ड रूममध्ये उणे १८ अंश असतं. गोळेवाल्याकडून बर्फ किसून घेतला, गमबुटात चिंध्या भरल्या, बूट खोबणीत घालून भोवती बर्फ ठासला आणि रात्रभर तिथे ठेवला. सकाळी बुटाला ताणकाटा लावून ओढलं. काटा टोकाला गेला, बूट जागचा हलला नाही. आमचे मिस्त्री खाली बसून त्या खोबणीत बोट घालून म्हणाले, "भाऊ, हे तर आपल्या कोळशासारखंच चिपकून राहिलं."

तिथून काम सोपं झालं असं नाही, पण दिशा मिळाली. खोबणीच्या आत यूएचएमडब्ल्यूचं अस्तर लावायचं ठरलं. स्नोमोबिलला पुढे ढकलणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या आतून जी पट्टी घासत असते, तीसुद्धा याच जातीच्या प्लास्टिकची असते, म्हणजे थंडीत ते टिकतं याची खात्री होती. पायपट्टीवरच्या भोकांचा आकार वाढवला आणि प्रत्येक भोकाची कड वर उचलून घेतली, म्हणजे बुटाला पकड मिळते आणि बर्फ खाली पडतो. खोबणीच्या आत अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला, चवडा आत जाईल पण पावलाचा उंचवटा कडीखाली शिरणार नाही इतक्या अंतरावर. हा ठोकळा म्हणजे या सगळ्या कामाचा जीव आहे. अस्तर नसलं तरी एक वेळ चालेल, ठोकळ्यावाचून नाही.

पहिल्या हिवाळ्यात आमची चूक झाली. पंधरा जोड्या गेल्या आणि डिसेंबरअखेर मित्राचा फोन आला की अस्तर रिव्हेटपाशी फाटलं आहे. त्याने फोटो पाठवले. प्रत्येक फाटलेली जागा टोकाच्या भोकाशी होती. आम्ही ते भर मे महिन्यात, शेडमध्ये ४४ अंशांत भोकं पाडून घट्ट रिव्हेट केलं होतं. हे प्लास्टिक थंडीत अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. ३०० मिलिमीटरचं अस्तर पन्नासहून जास्त अंशांच्या फरकाने अडीच-तीन मिलिमीटर आखडतं, आणि अॅल्युमिनियम अर्धा मिलिमीटरही नाही. कोळशाच्या च्यूटांना आम्ही वर्षभर लायनर लावत होतो, पण तिथे एवढा फरक कधी पडलाच नव्हता. आता मधलं एकच भोक गोल असतं, बाकी सगळी लांबट आणि त्यांतले रिव्हेट वॉशर घालून थोडे सैल. त्या पंधराही जोड्या आम्ही बदलून दिल्या. त्या वर्षी या कामात काही उरलं नाही. बायको हिशेब बघते. तिने एक शब्दही न बोलता दुसऱ्या लॉटचं अॅल्युमिनियम मागवलं, ते मी विसरणार नाही.

ट्रॅक्टरच्या मॅटचं पीव्हीसीही आधी वापरून पाहिलं होतं. कोल्ड रूममधून काढल्यावर ते वाकवताच तडकलं. तो विषय तिथेच संपला.

काही गाड्यांच्या मालकांना खोबणीचा तळच कापून मोकळा हवा असतो. बर्फ खाली पडेल, हे खरं. पण पुढून उडणारा बर्फ त्याच वाटेने वर येतो, आणि कापलेली कड गमबूट फाडते. शिवाय त्या भागातला पत्रा गाडीच्या पुढच्या सांगाड्याला धरून असतो, तो कुठेही कापला तर ताकद जाते. म्हणून फार मोठं कापायला आम्ही नकार देतो. एका मालकाने दोनदा फोन करून ठोकळ्याशिवाय फक्त अस्तर स्वस्तात मागितलं. ऑर्डर पन्नास जोड्यांची होती. मी दिली नाही. ज्याने आपल्या समोरच्या खुर्चीवर मोडलेला पाय ठेवलेला पाहिला आहे, त्याला ते जमायचं नाही.

स्नोमोबिलच्या इतिहासात एका लहान गावातल्या गॅरेजवाल्याचं मोठं काम आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथले जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू ही एक-दोन माणसांची हलकी गाडी बाजारात आणली. शेडमधल्या पोरांना मी हे सांगतो.

आज आम्ही सात जण आहोत. आर्गन वेल्डिंगचं काम आता मिस्त्रींची मुलगी करते, आणि ठोकळ्याच्या कडा तिच्याइतक्या गुळगुळीत कोणी काढत नाही. माल ऑक्टोबरमध्ये जातो. ट्रॅक्टरच्या पायदानांनाही आता त्याच प्लास्टिकचं अस्तर लावतो, काटोलकडच्या संत्र्याच्या बागायतदारांनी ते मागून घेतलं. पावसाळ्यात माती हाताने झटकली की निघते.

मागे बसणाऱ्याच्या पायाचं काम मात्र अजून पूर्ण झालेलं नाही. चालकाचे बूट त्याचे स्वतःचे असतात, पर्यटकाचे गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गहून भाड्याने घेतलेले गमबूट. ते एक-दोन नंबर मोठे असतात, आत पाय हलतो, आणि मुलांच्या बाबतीत तर बूट गुडघ्यापर्यंत येतो. एकच ठोकळा सगळ्यांना पुरत नाही. मित्राने मागच्या महिन्यात चार मापांचे जुने गमबूट पाठवले आहेत. ते माझ्या टेबलावर ओळीने उभे आहेत. सर्वांत लहान बुटाच्या मापाने कापलेला पुठ्ठ्याचा फर्मा शेजारी आहे, आणि काल रात्री तो तिसऱ्यांदा कापला.