व्हय म्हाराजा

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे लग्नकार्यात कोणी ना कोणी गाठतंच. "मॅडम, आमच्याकडच्या बायका काय कमी बोलतात? मग आवाज दाबला म्हणता, तो कुठे?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

आमच्या कोकणातलं गाऱ्हाणं आठवा. देवळात मानकरी हात जोडून "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करतो आणि दर मागण्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. समजा, सगळे गप्पच राहिले. शब्द तेच, आवाज खणखणीत, पण गाऱ्हाणं घातलं असं कोणी म्हणेल? जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच पकडलं. पैज लावणं, वचन देणं, ताकीद देणं ही कामं आपण बोलूनच करतो, आणि ती व्हायची तर समोरच्याने ती तशी घ्यावी लागतात. (मालवणी येत असती तर त्याला उदाहरणं शोधावी लागली नसती.)

पुढे १९९३ मध्ये रे लँग्टन या तत्त्वज्ञ बाईने पोर्नोग्राफीवरच्या वादात हा धागा उचलला. तिच्या लेखी आवाज दाबण्याच्या तीन तऱ्हा. तोंडच बंद करणं ही एक. बोललं पण उपयोग झाला नाही, ही दुसरी. तिसरीत बाई स्पष्ट "नाही" म्हणते आणि ऐकणाऱ्याच्या लेखी तो नकार ठरतच नाही.

ही तिसरी तऱ्हा मी आमच्या पडवीत पाहिली आहे. आजोबा गेल्यावर हक्कसोडपत्राचे कागद आले. काका पेन पुढे करून बसलेले. आत्ये कोकमं फोडत होती, लाल झालेले हात तिने पदराला पुसले आणि म्हणाली, "माका सही करूची नाय." चांगलं मोठ्याने. काकांनी आईकडे बघून म्हटलं, "रुसली हा ती. चाय दी तिका." चहा आला. आत्येने पुन्हा तेच सांगितलं. मग साडी घ्यायचं ठरलं.

तिचं कोणी ऐकलं नाही, असं नाही. सगळ्यांनी ऐकलं. आणि चिडून तिने आवाज चढवला असता, तर रुसवा अजून पक्का झाला असता.

लँग्टनचे टीकाकार म्हणतात, समोरच्याने ओळखला नाही तरी नकार हा नकारच. मला हे पुरतं खोडता येत नाही, कारण आत्येने सही केली नाही ती नाहीच, आणि कागदाला तेवढं पुरलं. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून आहे. घरात मात्र त्या दिवसाची गोष्ट निघाली की आजही "आत्ये रुसलेली तेव्हा" अशीच सुरू होते. आत्येसुद्धा हल्ली तसंच म्हणते.